पेन ड्राइव्हमधील जागेविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, अमळनेर-पारोळ्याकडच्या गावांतून तुम्ही जमवलेल्या अहिराणी म्हणींच्या फायली 64 जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवताच इतकी जागा कशी गेली, असे तुम्ही विचारले होते. पेन ड्राइव्ह चांगला आहे. प्रश्न त्यावरील एक्सफॅट या फाइल सिस्टीमचा, म्हणजे फायली साठवण्याच्या पद्धतीचा आहे. ती जागा बाइट मोजून देत नाही, क्लस्टर नावाच्या ठरावीक मापाच्या तुकड्यांत देते, आणि एका तुकड्यात दोन फायली ठेवत नाही. रावेरला केळीच्या खोक्यात एकच फणी ठेवली तरी गाडीत जागा पूर्ण खोक्याची अडते, तसाच हा प्रकार. 32 जीबीहून मोठ्या ड्राइव्हवर विंडोज एक्सफॅटसाठी 128 केबीचा क्लस्टर धरते, एनटीएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टीमसाठी मात्र 4 केबीचा. तुमची फाइल जेमतेम 1 केबीची. अशा 10,000 फायली एक्सफॅटवर सुमारे सव्वा जीबी अडवतात, तर एनटीएफएसवर, फायलींच्या नोंदींची जागा धरूनही, 50 एमबीच्या आसपास.

एनटीएफएसची आणखी एक सोय मला फार मोलाची वाटते. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते, तरीही एका ओळीची म्हण दोन-तीनशे बाइटांत बसते, आणि इतकी लहान फाइल एनटीएफएस आपल्या मुख्य तक्त्यातील 1 केबीच्या नोंदीतच ठेवते. तिला वेगळा क्लस्टर लागतच नाही. अशा फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘साइझ ऑन डिस्क’ शून्य दिसेल, त्याने घाबरू नका, मजकूर शाबूत असतो.

आई, तुझ्या ओव्यांच्या ध्वनिफिती कित्येक एमबींच्या आहेत. त्यांचा फक्त शेवटचा क्लस्टर अर्धवट राहतो, म्हणून टीव्हीला लावायचा तुझा पेन ड्राइव्ह एक्सफॅटच राहू दे. फॅट32 ही जुनी फाइल सिस्टीम मात्र नको, त्यात 4 जीबीची फाइल मावत नाही.

बाबा, फॉरमॅट केल्याने सगळे पुसले जाते, म्हणून आधी सर्व फायली संगणकावर उतरवून, उघडून पाहा. मगच एनटीएफएस निवडा, ‘अलोकेशन युनिट साइझ’, म्हणजे क्लस्टरचे माप, 4096 (4 केबी) ठेवा आणि फायली परत चढवा. संपूर्ण संग्रहाची एक झिप फाइल करून मला पाठवा, म्हणजे त्याची एक प्रत माझ्याकडेही राहील.

तुमची लेक