पिंट्याच्या गुडघ्याबद्दल

प्रिय संज्या,

काल फोनवर म्हणालास, गुडघा दोन महिने सुजलाय पण पोरगं दुखतं म्हणत नाही, कुठेतरी पडला असेल. अरे, आमच्या चिऊचं अगदी असंच सुरू झालं होतं, ३ वर्षांची होती. सकाळी कॉटवरून उतरली की भिंत धरत, पाय न वाकवता बाथरूमपर्यंत जायची आणि दहा वाजता बघावं तर अंगणात पळतेय, म्हणून आम्ही चार महिने तेल चोळत आणि क्रेप बँडेज बांधत बसलो. त्यात आरए फॅक्टर, म्हणजे संधिवातासाठी करतात ती रक्ततपासणी, निगेटिव्ह आली, डॉक्टर म्हणाले वात नाही. पण लहान मुलांच्या संधिवातात ती बहुतेकदा निगेटिव्हच असते रे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. वय १६ च्या आत, सूज ६ आठवड्यांच्या वर, दुसरं काही कारण सापडत नाही, तर तो जेआयए, म्हणजे लहान मुलांचा संधिवात. वाढीचं दुखणं रात्री असतं आणि सकाळी पोरं ठणठणीत, हे त्याच्या उलट.

आणि डोळे! या आजारात डोळ्यांनाही आतून सूज येऊ शकते. डोळा लाल नाही, दुखत नाही, पोर काही बोलत नाही, आणि आत सूज वाढत राहते, नजर जाऊ शकते. एएनए नावाची रक्ततपासणी पॉझिटिव्ह असेल तर धोका जास्त. चिऊला दर ३ महिन्यांनी स्लिट लॅम्पला, म्हणजे डोळ्याच्या आतलं तपासायच्या यंत्राला, नेतो, माझ्या मांडीवर बसून हनुवटी त्या पट्टीवर टेकवते आणि श्वास रोखून धरते, बघवत नाही पण चुकवत नाही.

आधी गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, नंतर मेथोट्रेक्सेट, संधिवात आटोक्यात ठेवणारी गोळी, आठवड्यातून एकदाच, रोज चुकूनही नाही, शनिवारी जेवणानंतर. ती पिवळी गोळी नुसती दिसली तरी तिला मळमळतं, म्हणून गुळांब्यात लपवून देतो. मधे घरातले म्हणाले कॅन्सरचं औषध एवढ्याशा पोरीला कशाला, आम्ही परस्पर बंद केलं, दोन महिन्यांत घोटा सुजला. कॅन्सरला देतात त्याच्या मानाने हा डोस फार कमी असतो, रक्त तपासत राहायचं, बस.

उशीर झाल्यामुळे तिचा सुजका पाय दुसऱ्यापेक्षा किंचित लांब वाढलाय, बुटात सोल घालावा लागतो. पिंट्याचं तसं होऊ देऊ नकोस यार. उद्या सकाळी तो उठल्या उठल्या चालताना व्हिडिओ काढ, दुपारी दवाखान्यात काहीच दिसत नाही. लहान मुलांचा संधिवात बघणाऱ्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट मी घेतो, रविवारी येतोच आहे, वहिनींना सांग.

तुझा,
बाळ्या