सोमवारी बाळाचं ऑपरेशन आहे

पुणे

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर आई रडायला लागते आणि बाबा नुसतं ‘बरं, बरं’ करतात, म्हणून लिहितेय. सोमवारी ऑपरेशन ठरलंय. आम्ही सह्या केल्या.

बाबा, तुम्ही विचारलंत ते रास्तच आहे: एकदाच काय ते मोठं करून मोकळं का होत नाही? तिच्या हृदयात उजवीकडची झडप तयारच झालेली नाही, खालचा कप्पा नावापुरता, फुप्फुसांकडची वाट बंद. नवा कप्पा करता येत नाही. म्हणून पुढे अशुद्ध रक्त हृदयात न नेता थेट फुप्फुसांत सोडतात. पण मागून रेटायला पंप नसतो, आणि एवढ्याशा बाळाच्या फुप्फुसातल्या वाहिन्या आवळलेल्या असतात. त्या सैल व्हायला चार-सहा महिने जातात. तोवर शंट: हाताकडच्या धमनीपासून फुप्फुसाच्या धमनीपर्यंत ३.५ मिलिमीटरची नळी. आपण पाट फोडून वरच्या वाफ्याला पाणी देतो ना, तसंच. १९४४ साली बाल्टिमोरला पहिल्यांदा केलं, म्हणजे आपल्या पोरीवर प्रयोग नाही. वाहिन्या सैल झाल्या की दुसरं ऑपरेशन, आणि तिसरं ती दोन-चार वर्षांची झाल्यावर.

‘वजन वाढू दे, मग बघू’ जमणारं नव्हतं. तिला तगवणारं औषध शिरेतून चालू आहे, त्याने श्वासही थांबू शकतो. ते घरी देता येत नाही. स्टेंटचंही, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीचंही विचारलं, पण आत्ता फुप्फुसांना रक्त पुरवणारी तिची वाहिनी फार वाकडीतिकडी आहे. धोका आहेच. किती, ते इथे लिहीत नाही. सुमाआत्याचं मात्र डोक्यात आणू नका, तेव्हा कुणी नीट तपासलंसुद्धा नव्हतं.

माझं बरं चाललंय. हॉस्पिटलसमोर खोली मिळालीय, गरम पाणी असतं, पौड रोडवरून सासूबाईंचा डबा येतो. आळिवाची खीर नाक न मुरडता खाते, आई! रात्री मात्र तुझ्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटतं.

आता ऐका. सोमवारी स्वारगेटची एसटी पकडायची नाही. आयसीयूत सोडत नाहीत, आणि बाबांच्या डोळ्याला धूळ नको. थेंब चुकवू नका. ती घरी आली की महिनाभर राहायलाच या.

गुटी नाही, आई. छातीचं हाड जुळेपर्यंत काखेत हात घालून उचलायचं नाही. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली. जुलाब, उलट्या, ताप काहीही झालं तर ‘सकाळी बघू’ नाही. अंगातलं पाणी कमी झालं की नळीत गुठळी होते. नखं निळसर दिसतील, शंटनंतरही ऑक्सिजन ऐंशीच्या आसपासच असतो. त्यावरून मला रडून दाखवू नकोस.

झबली शिवतेयस ना? पुढून नाडीची शीव, डोक्यातून घालायची नकोत.

तुमची,
मनू