आधी टंचाईतला चारा मोजा

मा. संपादक,

टंचाईच्या दिवसांत मका-गव्हाची पोती रानात नेऊन रिकामी करणाऱ्यांच्या भूतदयेबद्दल शंका नाही. पण याच धान्याने हरणे मरतात, हे स्पष्टपणे सांगायला हवे.

रवंथ करणाऱ्या प्राण्याचा चारा त्याच्या कोटीपोटातले, म्हणजे जठराच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, सूक्ष्मजीव पचवतात. वाळका पाला, काटक्या आणि साल यांवर दिवस काढणाऱ्या जनावराच्या पोटात तंतू पचवणारे जिवाणू जास्त असतात, पिष्ट पचवणारे कमी. अशा वेळी एकदम पोटभर मका मिळाला, की पिष्टावर पोसणारे जिवाणू काही तासांत बेसुमार वाढतात. लॅक्टिक आम्ल साचते, कोटीपोटाचे अस्तर सोलवटते, अंगातले पाणी पोटात ओढले जाते आणि बहुधा एक ते तीन दिवसांत जनावर दगावते. शवविच्छेदनात पोट दाण्यांनी भरलेले सापडते! नव्या आहाराची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, तोही थोडा थोडा वाढवत नेला तर. शिवाय एकाच जागी ढीग घातला, तर दांडगे नर तो अडवून बसतात आणि ज्यांच्यासाठी खटाटोप केला ती पाडसे कडेलाच राहतात. गर्दीतून रोग आणि जंत पसरतात, ते वेगळेच.

मूळ मुद्दा याहून मोठा आहे. कळप किती मोठा राहील, हे बहुतेक वेळा सुगीच्या दिवसांवर ठरत नाही. वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्यांत किती चारा उरतो, यावर ठरते. अलास्काजवळच्या सेंट मॅथ्यू बेटावर 1944 मध्ये 29 रेनडिअर (थंड प्रदेशातली हरणे) सोडले होते. 1957 मध्ये ते सुमारे 1,350 झाले, 1963 मध्ये 6,000. शिकारी प्राणी नव्हते, वरवर सगळे उत्तम चालले होते. पण हिवाळ्यात ज्यावर ते जगत, ती दगडफुलाच्या जातीची लायकेन खुरटून संपत आली होती. 1963-64 च्या कडक हिवाळ्यात कळप कोसळला. 1966 मध्ये फक्त 42 रेनडिअर उरले होते. याची चाहूल आधीच लागली होती: 1957 ते 1963 या काळात प्रौढांचे वजन जवळपास चाळीस टक्क्यांनी घटले होते आणि माद्यांमागे पाडसांचे प्रमाणही उतरले होते. संख्या मात्र वाढतच होती.

उपासमारीचा हा क्रम बऱ्याच मोठ्या शाकाहारी प्राण्यांत दिसतो. आधी पाडसे दगावतात, मग माद्या उशिरा वयात येतात, नंतर प्रौढ माद्यांची वीण घटते आणि प्रौढ मरू लागतात ते सर्वांत शेवटी. म्हणून नुसत्या शिरगणतीत संकट कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. मेलेल्या प्रौढ प्राण्याच्या मांडीच्या हाडातली मज्जाही बरेच सांगते. घट्ट, पांढरट असेल तर चरबी शिल्लक होती. लाल, पाणचट, जेलीसारखी असेल तर शेवटचा साठाही संपला होता. पाडसांची मज्जा मुळातच तांबडी असते, त्यामुळे ही खूण त्यांना लावू नये.

अन्न आणि शिकारी यांचे खाते वेगळे मांडता येत नाही. कॅनडातल्या क्लुएनी येथील प्रयोगात ससे नुसते अन्न वाढवल्यावर सुमारे तिप्पट झाले, नुसते शिकारी सस्तन प्राणी रोखल्यावर दुप्पट आणि दोन्ही केल्यावर अकरापट. भुकेला प्राणी आडोसा सोडून उघड्यावर चरतो आणि सापडतो.

म्हणून वन्यजीव व्यवस्थापनाकडे आमची मागणी अशी, की दर वर्षी त्याच महिन्यात शंभर प्रौढ माद्यांमागे पाडसे किती, हे मोजावे आणि त्याच पट्ट्यांत टंचाईच्या अखेरीस उरलेला चाराही नोंदवावा. कळपांच्या चारा-पाण्याकडे जाणाऱ्या वाटा कुंपणाने अडवू नयेत. चारा द्यावाच लागला, तर पशुवैद्याच्या देखरेखीखाली, तंतुमय, थोडा थोडा वाढवत आणि लांब लांब अनेक ठिकाणी द्यावा. धान्य मुळीच नको.

– वन्यजीव अभ्यासकांचा एक गट