पाचाच्या एका नाण्यासाठी, बाई, मनापासून आभार

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

लेकीला आता मूठभर सुटे पैसे नीट मोजता येतात आणि त्याचं श्रेय तुमचं आहे. पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुमची पद्धत आणखी घरांत पोचावी असं फार वाटतं.

शंभरपर्यंतचे आकडे तिला घडाघडा येत होते. पण पाचाचं एक आणि एकाची दोन नाणी समोर ठेवली की उत्तर यायचं, ‘तीन!’ तुम्ही म्हणालात, ‘मोजणं बरोबर आहे तिचं. ती वस्तू मोजतेय, किंमत अजून दिसत नाहीये तिला.’ खरंच, वस्तू एक आणि तिची किंमत पाच, हे एवढ्याशा मुलांना पटणं सोपं नाही. त्यात आकारावरही भरवसा नाही; लहानसं नाणं मोठ्यापेक्षा जास्त किमतीचं असू शकतं.

तुम्ही पुठ्ठ्याच्या पट्टीवर पाच ठिपके काढलेत. प्रत्येक ठिपक्यावर एकाचं नाणं ठेवायला लावलंत, मग ती पाचही उचलून घेतलीत आणि तिच्या तळहातावर पाचाचं एकच नाणं ठेवलंत. मग उलट. ही अदलाबदल कितीतरी दिवस चालली! बेरजेची घाई तुम्ही अजिबात केली नाहीत. माझ्या मते सगळं तिथेच साधलं.

पुढचं भराभर आलं. सारखी नाणी एकत्र, जास्त किमतीची आधी. ‘दहा, वीस, तीस’ म्हणत आलं की पुढच्या पाचाच्या नाण्यालाही मुलं लयीत ‘चाळीस’ म्हणून मोकळी होतात. तिथे तुमची युक्ती कामी आली: नाणं बदललं की हात उचलायचा, थांबायचं, आता कितीने पुढे जायचं ते मोठ्याने म्हणायचं. ‘तीस. आता पाच-पाच. पस्तीस, चाळीस.’ अजूनही ती न चुकता हात उचलते. पैसे परत द्यायलाही वजाबाकी लागत नाही. वस्तू सातची, दिले दहा, तर ‘आठ, नऊ, दहा’ म्हणत एकेक नाणं ठेवायचं.

धाकट्याच्या हातात तुम्ही बजावल्याप्रमाणे खरी नाणी अजून देत नाही, सगळं तोंडात घालतो. त्याच्यासाठी ताईनेच पुठ्ठ्याच्या मोठ्या चकत्या कापल्या आहेत. दोनेक वर्षांत तोही तुमच्याच वर्गात येईल.

तुमची ऋणी,
तुमच्या विद्यार्थिनीची आई