हिशेबाची वही

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात तुला, सूनबाईला आणि आपल्या तान्ह्याला सप्रेम आशीर्वाद.

परवा फोनवर बोलता बोलता तू म्हणालास, "पप्पा, रात्री बाळ रडलं की नेहमी मीच का उठायचं?" त्या वेळी मी काही उत्तर दिले नाही, कारण तू थकला होतास आणि थकलेल्या माणसाला वचने ऐकवणे मला कधीच बरे वाटलेले नाही. पण तुझ्या प्रश्नातला 'मीच का' माझ्या फार जुन्या ओळखीचा आहे, म्हणून आज सावकाश लिहायला बसलो आहे.

तुझे आजोबा पक्षाघाताने अंथरुणाला खिळले, तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. रात्री दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागे, अंथरूण ओले झाले तर तेही बदलावे लागे. तुझे काका आणि मी रात्री वाटून घेतल्या होत्या. पण काकांची पाळी कधी कामामुळे, कधी प्रकृतीमुळे चुकायची आणि ती माझ्यावर यायची. मी एका लहान वहीत त्या तारखा लिहू लागलो. ही नोंद कोणाला दाखवण्यासाठी नाही, असे मी स्वतःला बजावत असे. आठ महिन्यांनंतर एका रात्री वडिलांना वळवत असताना माझ्या ध्यानात आले की माझे हात त्यांच्या पाठीखाली आहेत आणि मन त्या वहीत आहे. वडिलांची वाचा गेली होती, नजर गेली नव्हती. आपण या मुलाला जड झालो आहोत, हे त्यांना कळले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले तेव्हा ते मला स्पष्ट दिसले. माझ्या सेवेत त्या रात्री काहीही कमी पडले नव्हते, आणि तरीही प्रीती त्यांच्यापर्यंत पोचली नाही.

बायबलमधला प्रीतीचा जो अध्याय आपण लग्नाच्या उपासनेत ऐकतो, तो प्रेषित पौलाने लग्नासाठी लिहिलेला नाही. इ.स. 55 च्या सुमारास त्याने इफिस शहरातून करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला ते पत्र लिहिले, तेव्हा ती मंडळी आपापसांत भांडत होती. कोणी स्वतःला पौलाचा म्हणवीत होता, कोणी अपुल्लोस या दुसऱ्या उपदेशकाचा. भाऊ भावावर न्यायालयात फिर्याद करीत होता. प्रभुभोजनासाठी जमल्यावर एकाने आधीच जेवून घ्यावे आणि दुसऱ्याने उपाशी राहावे, इथवर गोष्ट गेली होती. अशा लोकांना पौल 13व्या अध्यायात प्रीती काय करते आणि काय करीत नाही ते सांगतो. चौथ्या वचनापासून सातव्या वचनापर्यंत मूळ ग्रीक भाषेत 15 क्रियापदे आहेत. आपण ज्याला 'सहनशील आहे' म्हणतो, तेही तिथे क्रियापदच आहे. त्यातले 'अपकार स्मरत नाही' हे मला सर्वांत कठीण वाटते. तिथला मूळ शब्द हिशेबाचा आहे, खात्यात रक्कम मांडावी तसा. समोरच्याने केलेले वाईट प्रीती खात्यावर मांडून ठेवत नाही. हा अर्थ मला प्रथम समजला त्या दिवशी ती वही माझ्या कपाटात होती, आणि मी ती लगेच फाडून टाकली असे सांगता आले असते तर मला आवडले असते. तिला आणखी दोन वर्षे लागली.

त्याग म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर वधस्तंभ येतो, आणि यावाही. पण त्याच्या आदल्या रात्री प्रभूने काय केले, तेही पाहा. योहान आपल्या शुभवर्तमानात सांगतो की पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे आणि आपण देवाकडून आलो व देवाकडे जात आहोत, हे येशू जाणून होता. म्हणून तो भोजनावरून उठला, त्याने वस्त्रे काढून ठेवली, कमरेला रुमाल बांधला आणि गंगाळात पाणी ओतून तो शिष्यांचे पाय धुऊ लागला. जे हात सर्वांचे स्वामी होते, ते धुळीच्या पायांना लागले. मला वाटते, ज्याला आपण कोणाचे आहोत हे ठाऊक असते, त्याला वाकल्याने काही गमावल्यासारखे वाटत नाही. आपण हिशेब ठेवतो तो बहुधा आपली किंमत कोणी ओळखत नाही या भीतीपोटी. आणि त्या रात्री शिष्यांपैकी यहूदा इस्कर्योत अजून बाहेर गेला नव्हता. तो आपल्याला धरून देणार हे ठाऊक असूनही प्रभूने त्याचे पाय वगळले नाहीत.

पेत्र या शिष्याने आधी पाय धुऊ देण्यास नकार दिला, हेही वाचताना मागे टाकू नकोस. आपल्यासाठी कोणी वाकावे, हे सोसणेही अवघड असते. तू दमलास तर तसे सूनबाईला सांग आणि तिने उठायचे ठरवले तर उठू दे. सगळे आपणच करावे आणि मग मनातल्या मनात तिला दोषी धरावे, हा त्याग नव्हे. प्रभूसुद्धा पहाटे अंधार असतानाच एकांतात जाऊन प्रार्थना करीत असे. तुलाही विसाव्याची गरज आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो, कारण आपल्या कुटुंबांत तिच्यावर मौन पाळले जाते. त्यागाचा उपदेश घरात बहुतेक वेळा बायकांनाच केला जातो. पौल इफिसकरांस लिहिताना पतीला सांगतो की ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती केली आणि तिच्यासाठी स्वतःला दिले, तशी तू पत्नीवर प्रीती कर. आणि त्याच्या आधीच एकमेकांच्या अधीन असण्याची आज्ञा दोघांनाही आहे. बाळंतपणानंतर तिचे शरीर अजून सावरते आहे. तुझे रात्रीचे उठणे ही तिच्यावर केलेली मेहेरबानी नाही, तुझ्या वाट्याला आलेली सेवा आहे, आणि ती तू कुरकुर न करता केलीस तर तिला ते कळल्यावाचून राहणार नाही. घरातल्या एखाद्याने मारहाण किंवा अपमान सोसत राहावे, यालाही कोणी ख्रिस्ती प्रीती म्हणत असेल, तर ते तू मान्य करू नकोस.

मंडळीच्या कामात तू उत्साहाने भाग घेतोस याचा मला आनंद आहे. तरी मार्काच्या शुभवर्तमानाच्या 7व्या अध्यायातला 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेले अर्पण, हा शब्द लक्षात असू दे. आईवडिलांना ज्याचा उपयोग व्हायचा ते देवाला वाहिले आहे असे म्हणून हात झटकणाऱ्यांना प्रभूने कठोर शब्द सुनावले. मीही कित्येक संध्याकाळी प्रार्थनासभेला गेलो आणि तुझी आई घरी एकटी तुम्हा दोघा आजारी लेकरांपाशी बसली. त्याबद्दल मी तिची क्षमा मागितली आहे, आणि तिने ती मला मी मागण्यापूर्वीच दिली होती.

काकांकडे मात्र मी अजून गेलेलो नाही. ती वही त्यांनी कधी पाहिली नाही, पण आजोबांच्या अंत्यविधीनंतर मी बोलायला नको ते बोललो, आणि तेव्हापासून आमच्यात केवळ सणावारी विचारपूस उरली आहे. हे पत्र पूर्ण झाले की मी त्यांना फोन करणार आहे, आणि त्यांनी हो म्हटले तर या रविवारी उपासनेनंतर त्यांच्या घरी जाईन. त्या वेळी माझ्यासाठी प्रार्थना कर.

तुझे पप्पा