जपानीचा मधला टप्पा आणि सरावपत्रिकांचा अतिरेक

महोदय,

विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात जपानीचे पहिले वर्ष उत्साहाने पुरे करणारे अनेक विद्यार्थी दुसऱ्या वर्षात अडखळतात, हे ही भाषा शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याचे खापर बहुतेक वेळा कान्जींवर, म्हणजे चीनमधून आलेल्या लिपिचिन्हांवर, फोडले जाते. आमच्या मते खरे कारण वेगळे आहे. या टप्प्यावर वर्गाचे तास जेएलपीटी या प्रावीण्य परीक्षेच्या सरावपत्रिका सोडवण्यात जातात आणि लांब वाक्य उलगडणे, स्वतः वाक्य लिहिणे या दोन गोष्टी राहून जातात. हे बदलायला हवे.

आधी या टप्प्याची लांबी पाहू. ही परीक्षा १९८४ साली सुरू झाली तेव्हा तिच्या ४ पातळ्या होत्या. जुन्या तिसऱ्या पातळीला सुमारे ३०० कान्जी, १५०० शब्द आणि ३०० तासांचा अभ्यास अपेक्षित असे. दुसऱ्या पातळीला १००० कान्जी, ६००० शब्द आणि ६०० तास. ही दरी इतकी मोठी होती की २०१० मध्ये परीक्षेची फेररचना झाली तेव्हा या दोहोंच्या मध्ये एन-३ ही नवी पातळी घालावी लागली. आता साधा हिशेब करा. सत्र १५ आठवड्यांचे आणि आठवड्याला ६ तास धरले, तर दोन सत्रांच्या वर्षात १८० तास होतात. ७०० नवे कान्जी आठवड्याला २५ या गतीने २८ आठवड्यांत बसतात, म्हणजे वर्षात जमू शकतात. पण ४५०० नवे शब्द त्याच काळात बसवायचे तर आठवड्याला १६० पाठ करावे लागतील, आणि याद्या घोकून ते कोणालाही साधत नाही. एवढे शब्द फक्त वाचनातून, पुन्हापुन्हा भेटूनच अंगवळणी पडतात.

एन-३ च्या परीक्षेत १८० पैकी ९५ गुण लागतात आणि ६० गुणांच्या प्रत्येक विभागात किमान १९. प्रश्न सगळे बहुपर्यायी. बोलण्याची परीक्षा नाही, लिहिण्याचीही नाही. शिवाय २०१० पासून आयोजक शब्दांच्या, कान्जींच्या किंवा व्याकरणाच्या अधिकृत याद्या प्रसिद्ध करत नाहीत. म्हणजे ज्या याद्यांभोवती वर्ग फिरतो, त्या बाजारातल्या अंदाजांवर बेतलेल्या असतात. परीक्षा द्यावी, त्याला आमचा विरोध नाही. चार पर्यायांतून बरोबर विभक्तिदर्शक (नामामागून येणारे ‘वा’, ‘गा’, ‘ओ’ असे छोटे शब्द) ओळखणारा विद्यार्थी कोऱ्या कागदावर तोच विभक्तिदर्शक चुकवतो, ही आमची चिंता आहे.

वाक्य उलगडणे कसे शिकवावे, ते नेमकेपणाने सांगतो. आधी वाक्याच्या शेवटी जावे आणि मुख्य क्रियापद पाहावे. मग मागे येऊन ‘वा’ लागलेला विषय शोधावा. त्यानंतर नामाला थेट चिकटलेले साधे (‘मासु’ नसलेले) क्रियारूप दिसेल तिथे कंस करावा, कारण तिथे विशेषण-वाक्य संपते. ‘किनोओ तोमोदाचि गा कुरेता होन ओ योन्दे इमासु’ या वाक्यात ‘किनोओ तोमोदाचि गा कुरेता’ हा सगळा कंस ‘होन’चे विशेषण आहे. इंग्रजीतून शिकवले की हे वाक्य उलटेपालटे करावे लागते. मराठीत ते जसेच्या तसे बसते : ‘काल मित्राने दिलेलं पुस्तक वाचतो आहे’. आपले ‘दिलेलं’, ‘वाचलेलं’, ‘येणारा’ नामाआधीच येते, शब्दयोगी अव्यये नामानंतर येतात, क्रियापद शेवटी येते. हे धन हाताशी असताना विद्यार्थ्याला आधी इंग्रजीत नेऊन मग जपानीत आणण्याचा द्राविडी प्राणायाम कशासाठी? आणखी एक खूण विद्यार्थ्यांना हमखास द्यावी. विशेषण-वाक्याच्या आतला कर्ता ‘गा’ किंवा ‘नो’ घेतो, सहसा ‘वा’ घेत नाही. त्यामुळे ‘वा’ दिसला की त्याची जोडी बहुधा कंसाबाहेरच्या क्रियापदाशी लावायची. एवढ्या एका नियमाने अर्धा पानभर उताऱ्यातले ‘कोणी कोणाला काय केले’ सुटते. वाक्याचा शेवट ‘नो दे वा नाइ दारोओ का’ असा आला की विद्यार्थी ‘नाइ’ पाहून नकार समजतात. लेखक तिथे आपले मत सौम्यपणे मांडत असतो. ‘असं तर नसेल ना?’ म्हणताना आपण जसे होकाराकडे झुकतो, तसेच ते आहे.

मराठी जिथे फसवते तिथेही वर्गात थांबायला हवे. ‘वसंत आला की फुलं फुलतात’ आणि ‘स्टेशनवर पोचलास की फोन कर’ या दोन्हींत आपण ‘की’ वापरतो. जपानीत पहिल्याला ‘तो’ चालते : ‘हारु नि नारु तो हाना गा साकु’. दुसऱ्यात पुढे विनंती आहे, म्हणून ‘तो’ चालत नाही. तिथे ‘एकि नि त्सुइतारा देन्वा शिते कुदासाइ’ असे ‘तारा’ लागते. मराठी भाषक विद्यार्थी ही चूक सर्रास करतात आणि सरावपत्रिकेतल्या उत्तरतक्त्याला तिचे कारण सांगता येत नाही. ‘तारा’ आणि ‘नारा’ यांतला फरकही असाच समजावता येतो. ‘निहोन ए इत्तारा कामेरा ओ काइनासाइ’ म्हणजे जपानला पोचल्यावर तिथे कॅमेरा घे. ‘इकु नारा’ म्हटले की ‘जाणार असशील तर’. मग खरेदी निघण्याआधी झाली तरी चालते.

क्रियापदांच्या जोड्यांत मात्र मराठी घट्ट आधार देते. तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे या जोड्या बोलणाऱ्याला ‘त्सुकु-त्सुकेरु’ (लागणे-लावणे), ‘आकु-आकेरु’ (उघडले जाणे-उघडणे), ‘किएरु-केसु’ (विझणे-विझवणे) परके वाटू नयेत. ‘देन्कि गा त्सुइते इरु’ म्हणजे दिवा लागलेला आहे. ‘देन्कि गा त्सुकेते आरु’ म्हणजे कोणीतरी मुद्दाम लावून ठेवलेला आहे. ‘त्सुकेते ओकु’ म्हणजे लावून ठेवणे. ‘ते मिरु’ला ‘करून पाहणे’ आहे, ‘ते शिमाउ’ला संदर्भाप्रमाणे ‘करून टाकणे’ किंवा ‘होऊन जाणे’ आहे. या जोड्या विद्यार्थ्यांनी स्वतः शोधाव्यात, प्रत्येकीचे एक वाक्य लिहावे आणि अर्थ कुठे जुळत नाही तेही नोंदवावे.

देण्याघेण्याची क्रियापदे हा या टप्प्यातला सर्वांत अवघड भाग आहे, आणि त्यालाच सर्वांत कमी वेळ मिळतो. मराठीत ‘देणे’ एकच. जपानीत माझ्याकडून दुसऱ्याकडे जाते ते ‘आगेरु’, दुसऱ्याकडून माझ्याकडे किंवा माझ्या माणसाकडे येते ते ‘कुरेरु’. ‘मोराउ’साठी आपले ‘करून घेणे’ जवळचे आहे. त्यात प्रयोजकाची, म्हणजे ‘करायला लावणे, करू देणे’ या रूपाची, भर पडली की मोठा घोटाळा होतो. रजा मागताना विद्यार्थी शिक्षकांना ‘यासुन्दे इतादाकेमासेन का’ असे लिहितात. त्याचा अर्थ ‘आपणच सुट्टी घ्याल का’ असा होतो. हवे असते ‘यासुमासेते इतादाकेमासेन का’, म्हणजे मला सुट्टी घेऊ द्याल का. ही चूक पर्याय निवडून दुरुस्त होत नाही. खरे विनंतीपत्र लिहायला लावले, त्यावर खूण केली आणि ते पुन्हा लिहून घेतले, तरच ती जाते. कर्मणी रचनेचेही तसेच. ‘आमे नि फुरारेता’ला ‘पावसाने गाठलं’ हे मराठी पटकन सुचते. पण पाकीट चोरीला गेल्याचे सांगताना विद्यार्थी ‘वाताशि नो साइफु गा नुसुमारेता’ लिहितात, आणि जपानी कानाला ‘वाताशि वा साइफु ओ नुसुमारेता’ हेच सहज वाटते. झळ ज्याला बसली तो माणूस वाक्याचा विषय होतो.

आदरार्थी भाषेबद्दल थोडेसेच. ‘तू-तुम्ही-आपण’ सहज वापरणाऱ्यांना जपानी आदर कळतो असे गृहीत धरले जाते. इथे सावध राहावे. बाहेरच्या माणसाशी बोलताना आपण ‘आमचे साहेब येत आहेत’ असेच म्हणतो. जपानी माणूस त्या वेळी आपल्याच साहेबांच्या नावामागचा आदरार्थी ‘सान’ काढून टाकतो आणि ‘तानाका वा इमा माइरिमासु’ असे नम्र रूप वापरतो. आपले कोण आणि परके कोण हे ऐकणाऱ्यागणिक बदलते. म्हणून क्रियापदांचा तक्ता पाठ करून घेण्याआधी फोनवरचे संवाद भूमिका वाटून बोलून घ्यावेत.

लेखनासाठी जपानी शाळांतला ४०० चौकटींचा कागद आजही उत्तम आहे. एका चौकटीत एक अक्षर, लहान आकारात लिहिल्या जाणाऱ्या ‘त्सु’ आणि ‘या-यु-यो’ यांनाही स्वतंत्र चौकट, परिच्छेदाच्या सुरुवातीला एक चौकट रिकामी. ओळीची सुरुवात विरामचिन्हाने करायची नाही. ते आधीच्या ओळीच्या शेवटच्या चौकटीत अक्षरासोबतच बसवायचे. दर पंधरवड्याला ४०० अक्षरांचा एक निबंध पुरे. शिक्षकाने चूक दुरुस्त करून देऊ नये, फक्त प्रकार दाखवावा : विभक्तिदर्शक, काळ, शैली, शब्द. दुसरा मसुदा विद्यार्थ्याने लिहावा आणि गुण त्या मसुद्याला द्यावेत. सर्वाधिक सापडणारी चूक म्हणजे ‘देसु-मासु’ ही सभ्य बोलण्याची आणि ‘दे आरु’ ही औपचारिक लेखनाची, या दोन शैलींची सरमिसळ. ‘दे आरु’ शैलीत लिहिताना बोलीतले शब्दही बदलावे लागतात. ‘दाकेदो’च्या (पण) जागी ‘शिकाशि’ येते, ‘तोतेमो’च्या (खूप) जागी ‘हिजोओ नि’, ‘दानदान’च्या (हळूहळू) जागी ‘शिदाइ नि’. विद्यापीठात अहवाल लिहायचा तर हे मधल्या टप्प्यावरच शिकले पाहिजे.

कान्जींची भीती मात्र अनाठायी आहे. २०१० च्या यादीनुसार दैनंदिन वापराचे कान्जी २१३६ आहेत, पण त्यांतले पुष्कळसे एका ध्वनिदर्शक आणि एका अर्थदर्शक भागाचे बनलेले असतात. निळ्या रंगाचे कान्जी घ्या, त्याचे चिनी वळणाचे वाचन ‘सेइ’. त्याला पाण्याचा भाग जोडला की ‘स्वच्छ’, सूर्याचा जोडला की ‘निरभ्र’, वाणीचा जोडला की ‘विनंती’, आणि तिन्हींचे वाचन ‘सेइ’च. हृदयाचा भाग जोडला की मात्र ‘जोओ’. असे अपवाद कुटुंबाबरोबरच शिकावेत. सुटे कान्जी ५० वेळा गिरवण्यापेक्षा प्रत्येकाचे दोन-तीन शब्द वाक्यात लिहावेत. फोनवर टंकन करताना एक धोका आहे. यंत्र पुढचा शब्द स्वतःच सुचवते, त्यामुळे ‘ऱ्योकोओ’मधला (प्रवास) दीर्घ स्वर विसरला तरी योग्य कान्जी समोर येतात आणि चूक झाकली जाते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी हाताने श्रुतलेखन व्हावे. पाच वाक्ये पुरेत.

श्रुतलेखनाचे दुसरे कारण उच्चारात आहे. ‘चूल’मधला ‘च’ येणाऱ्याला ‘त्सु’ जड जात नाही, पण ‘ए’ आणि ‘ओ’ यांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद देवनागरी अक्षरांत नाही. वहीत देवनागरीत टिपणे काढली की ‘इथे’ या अर्थाचे ‘कोको’ आणि ‘उच्च माध्यमिक शाळा’ या अर्थाचे ‘कोओकोओ’ सारखेच लिहिले जातात, मग सारखेच ऐकू येऊ लागतात. ‘किनेन’ हे स्मरण आणि ‘किन्-एन’ ही धूम्रपानबंदी, यांचेही तेच. या पत्रात छपाईच्या सोयीसाठी देवनागरी वापरली आहे. विद्यार्थ्याच्या वहीत मात्र पहिल्या महिन्यानंतर ती जपानी शब्दांसाठी दिसू नये. ऐकण्याच्या सरावाला एक-दोन मिनिटांचा उतारा घ्यावा. आधी मजकुराविना ऐकावा, मग मजकूर पाहत, मग ध्वनीच्या बरोबरीने आणि शेवटी अर्धा शब्द मागे राहून बोलावा. उतारा समजत नसेल तर हा सराव पोपटपंची होतो, म्हणून तो मुद्दाम सोपा निवडावा.

सोप्या वाचनाची लाज वाटता कामा नये. वर्गात एक उतारा कंस करून बारकाईने वाचावा, आणि घरी त्याहून बरीच सोपी पुस्तके शब्दकोश न उघडता वाचावीत. अडले तर पुढे जावे, रुचले नाही तर पुस्तक बदलावे. वर मांडलेला ४५०० शब्दांचा हिशेब याच वाटेने सुटतो.

विद्यापीठांना आमची विनंती अशी. प्रावीण्य परीक्षेची तयारी श्रेयांकांच्या तासांबाहेर ठेवा. दुसऱ्या वर्षात प्रवेश देताना केवळ प्रमाणपत्र न पाहता एक पानभर लेखन करून घ्या. अंतिम परीक्षेत निम्मे गुण तीन गोष्टींना द्या : न पाहिलेल्या उताऱ्यातल्या पाच लांब वाक्यांचे मराठीत विवरण, ४०० अक्षरांचा निबंध आणि पाच मिनिटांचे संभाषण. तपासणीला वेळ लागेल हे आम्ही जाणतो. त्यासाठी लेखनाच्या तासाला २० पेक्षा जास्त विद्यार्थी नसावेत आणि निबंध तपासण्याचे तास अध्यापकांच्या कार्यभारात अधिकृतपणे धरले जावेत. ही शेवटची अट मान्य झाल्याशिवाय आधीच्या तिन्ही मागण्या कागदावरच राहतील.

आपले,
जपानी भाषा शिकवणारे काही अध्यापक