मुलगा वयात येतोय का, हेही बघा

मा. संपादक,

महोदय,

एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष न लागणं आणि अतिचंचलपणा यांवरच्या, गोळ्या घेणारे मुलगे पुढे बाप होऊ शकत नाहीत, असा एक मेसेज सध्या इंदूरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर फिरतो आहे. माझा सगळा जन्म औषधं विकण्यात गेला, म्हणून चार ओळी लिहितो.

मेसेज अगदीच हवेतला नाही. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध दिलेल्या नर माकडांवरचा अमेरिकेतला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. ती माकडं उशिरा वयात आली, टेस्टोस्टेरॉन कमी भरलं, वृषणांची वाढ मागे पडली. पुढे ती बरोबरीला आली, हेही त्याच अभ्यासात आहे. फॉरवर्ड करणाऱ्यांनी नेमकं तेवढंच गाळलं! तैवानमध्ये आरोग्य विम्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हे औषध घेणाऱ्या मुलांमध्ये वृषणांच्या बिघाडाचा धोका वाढलेला आढळला नाही. तेव्हा घाबरून कुणी परस्पर गोळ्या बंद करू नयेत. गोळीविना त्या पोराचे वर्गात काय हाल होतात, ते आईबापांना वेगळं सांगायला नको.

माझी तक्रार निराळी आहे. हे औषध शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक नियमांच्या सरकारी यादीतलं. कुलपात ठेवायचं, चिठ्ठी दोन प्रतींत घ्यायची, त्यातली एक आम्ही दोन वर्षं जपायची. गोळीचा हिशेब इतका चोख, आणि ती खाणाऱ्या मुलाचा? उंची-वजन होतं, कारण भूक मरते हे सर्वांना ठाऊक आहे. पण तो वयात येतोय का, हे सहसा कुणी बघत नाही. त्यासाठी भारी मशीन लागत नाही. एक ते पंचवीस मिलिलिटर मापाच्या बारा मण्यांची माळ असते. तिच्याशी ताडून वृषणांचा आकार कळतो. चार मिलिलिटरचा मणी गाठला की वयात येणं सुरू झालं. चौदा वर्षं पूर्ण होऊनही तो गाठला नाही, तर तपासायला हवं, गोळी चालू असो वा नसो.

दुसरं त्याहून अवघड. या औषधाने क्वचित लिंगाची ताठरता तासन्‌तास, दुखेपर्यंत टिकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१३मध्ये तसा इशारा दिला. चार तासांवर गेलं तर थेट इस्पितळ गाठावं लागतं, नाहीतर कायमचं नुकसान होऊ शकतं. आता सांगा, आपल्या घरातला तेरा वर्षांचा मुलगा हे आईला सांगेल? मुळात असं होऊ शकतं हे त्याला कुणी सांगितलंय? काउंटरवर आज्या मला हळूच विचारायच्या, "भाऊ, पुढे लग्नाला काही अडचण तो नाही ना?" नातवाला मात्र कुणीच काही विचारत नसे.

शहरातल्या बालरोग आणि मनोविकारतज्ज्ञांना विनंती आहे. फेरतपासणीच्या वेळी आईबापांना पाच मिनिटं बाहेर बसवा आणि मुलाशी एकट्याशी बोला.

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता,
रामबाग, इंदूर